कोळंबीचं सँडविच आणि पाण्याचा बंदोबस्त

१९३९ साली बाल्टिमोरच्या घाऊक मासळी बाजारासमोर गुस्ताव ब्रून नावाच्या जर्मन निर्वासिताने मसाल्याचा धंदा सुरू केला. ब्रून ज्यू होते. आदल्या वर्षीच्या नोव्हेंबरात नाझींनी ज्यूंची घरं-दुकानं फोडली, हजारोंची धरपकड केली. ब्रून यांची रवानगी बुखेनवाल्डच्या छळछावणीत झाली. तिथून सुटल्यावर कुटुंबासह त्यांनी अमेरिका गाठली, तेव्हा सामानात मसाले दळायचं एक लहानसं यंत्र होतं. समोरच्या बाजारातले लोक खेकडे वाफवण्यासाठी सुटे मसाले नेऊन आपापलं मिश्रण करतात, हे त्यांनी हेरलं आणि स्वतःचा तयार मसाला विकायला काढला. बाल्टिमोर ते नॉरफोक अशी आगबोट चालवणाऱ्या ‘ओल्ड बे लाइन’ कंपनीवरून त्याला नाव मिळालं ‘ओल्ड बे’. १९९० मध्ये मॅकॉर्मिक या बड्या मसाला कंपनीने तो विकत घेतला. पिवळ्या डब्यातला हा मसाला मेरीलँड राज्यात आज खेकड्यांपासून पॉपकॉर्नपर्यंत कशावरही भुरभुरला जातो.

बाल्टिमोरचं कोळंबी सॅलड सँडविच याच मसाल्यावर उभं आहे. सॅलड म्हटलं तरी त्यात पालाबिला नसतो. वाफवून गार केलेली कोळंबी, बारीक चिरलेली सेलरी, मेयोनीज, लिंबू आणि ओल्ड बे एवढंच सारण, आणि ते मऊ पावात किंवा भाजलेल्या ब्रेडमध्ये भरायचं. तिथल्या जुन्या खानावळींमध्ये कोळंबी मोठी, जवळजवळ अख्खी ठेवतात आणि मेयोनीज जेमतेम लागेल इतकंच घालतात.

इतका साधा पदार्थ, तरी घरी केला की बऱ्याचदा फसतो. कोळंबी रबरासारखी चिवट लागते, सारण तासाभरात पातळ होतं, ब्रेडचा लगदा होतो. दोष मसाल्याचा नसतो आणि हाताच्या चवीचाही नसतो. या सँडविचमधली प्रत्येक वस्तू पाण्याने भरलेली आहे. कच्च्या कोळंबीत वजनाच्या पाऊण हिश्शाहून थोडं अधिक पाणी असतं, सेलरीत तर पंचाण्णव टक्क्यांच्या आसपास. मेयोनीज म्हणजे पाण्यात अडकवलेलं तेल. आणि ब्रेड हे पाणी पिऊन घ्यायला टपलेला. कोणाचं पाणी कुठे जातं यावर नजर ठेवली की हे सँडविच जमतं.

सुरुवात कोळंबीपासून. गंमत अशी, की बाल्टिमोरलगतच्या चेसापीक उपसागराची ख्याती निळ्या खेकड्यांसाठी आणि कालवांसाठी. कोळंबी तिथली नव्हेच. ती पूर्वी मेक्सिकोच्या आखातातून यायची. आज अमेरिकेत खाल्ल्या जाणाऱ्या कोळंबीतला बहुतेक वाटा आयात होतो आणि गेली काही वर्षं या आयातीत पहिला नंबर भारताचा आहे. त्यातही मोठा हिस्सा आंध्र प्रदेशाच्या किनाऱ्यालगतच्या तळ्यांचा. या तळ्यांत वाढते ती व्हनामी जात मुळात मेक्सिको ते पेरू या पॅसिफिक किनाऱ्याची. भारतात तिच्या संवर्धनाला २००९ मध्ये परवानगी मिळाली आणि काही वर्षांतच तिने इथल्या टायगर कोळंबीला मागे टाकलं. म्हणजे अमेरिका खंडातली कोळंबी आंध्रात वाढते, सोलून-गोठवून बोटीने पुन्हा अमेरिकेत जाते आणि बाल्टिमोरच्या पावात बसते. २०२५ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेने भारतीय मालावर ५० टक्के आयातशुल्क लावलं, तेव्हा आंध्रातले शेतकरी का हवालदिल झाले, ते या एका प्रवासावरून समजावं.

सोललेली कोळंबी इतकी सहज मिळू लागली, त्यामागे एका मुलाचं डोकं आहे. लुइझियानातल्या हूमा गावी जे. एम. लापेयर याच्या वडिलांचा कोळंबीचा कारखाना होता. लहान कोळंबी हाताने सोलण्यात माणसं आणि वेळ दोन्ही खर्ची पडत. १९४० च्या दशकात, शाळकरी वयाच्या लापेयरने रबरी बुटाखाली एक कोळंबी दाबली, तर आतलं मांस सालातून टुणकन बाहेर आलं. त्यावरून त्याने रबरी रुळांमधून कोळंबी दाबत नेणारं यंत्र बनवलं. पहिल्या प्रयोगाला त्याने घरातल्या कपडे पिळायच्या यंत्राचे रूळ वापरले, असं सांगतात. उत्तर अटलांटिकच्या थंड पाण्यातली बारकी गुलाबी कोळंबी आज सँडविचांत भरभरून वापरली जाते, ती अशाच यंत्रांच्या जोरावर. तिचा दाणा करंदीएवढा; करंदी हाताने सोलायला बसलेल्या कोणालाही या शोधाची किंमत वेगळी सांगावी लागणार नाही.

घरच्या सँडविचला मात्र मध्यम आकाराची कोळंबी घ्यावी. गोठवलेल्या पाकिटांवर ३१/४० किंवा ४१/५० असे आकडे छापलेले असतात. एका पौंडात, म्हणजे साधारण साडेचारशे ग्रॅममध्ये, किती नग बसतात त्याचा तो हिशेब. आकडा लहान तितकी कोळंबी मोठी. ३१/४० ही या कामाला उत्तम: दोन तुकडे केले की घासात ठसठशीत लागते. बाजारातून ताजी आणायची तर डोकं घट्ट बसलेली, साल चकचकीत असलेली घ्यावी. डोकं सैल होऊन लोंबत असेल, अमोनियासारखा उग्र वास येत असेल, तर कोळणीने भाव कितीही पाडला तरी वाटा उचलू नये. डोक्यासकट किलोभर आणली तर सोलून निम्म्याच्या आसपास हाती लागते, हे धरूनच खरेदी करावी. जून-जुलैत पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक बोटींना मासेमारीबंदी असते. त्या दिवसांत ‘ताजी’ म्हणून बर्फावर मांडलेल्या कोळंबीपेक्षा चांगल्या पाकिटातली गोठवलेली कोळंबी बरी पडते.

पाकीट घेताना दोन गोष्टी वाचाव्यात. सुट्या गोठवलेल्या कोळंबीवर बर्फाचा पातळ थर मुद्दाम चढवलेला असतो. त्याने ती सुकत नाही, फ्रीजरमध्ये पांढरे कोरडे डाग पडत नाहीत. पण थर जाड असला तर गिऱ्हाईक बर्फाचेच पैसे मोजतं. म्हणून बर्फ वगळून निव्वळ वजन किती, ते पाहावं. दुसरी गोष्ट घटकांच्या यादीतलं सोडियम ट्रायपॉलीफॉस्फेट. हे लावलेली कोळंबी पाणी धरून ठेवते, फुगीर दिसते, आणि शिजताना त्यातलं बरंच पाणी सोडते. उरतो तो किंचित साबणाकडे झुकणारा, पिचपिचीत दाणा. यादीत फक्त कोळंबी आणि मीठ असेल ते पाकीट निवडावं. गोठलेली कोळंबी रात्रभर फ्रीजच्या खालच्या कप्प्यात चाळणीवर ठेवून वितळवली, खाली ताटली ठेवली, की बर्फाचं पाणी आपोआप वेगळं होतं. घाई असेल तर पिशवीसकट गार पाण्यात. गरम पाण्यात नको. बाहेरचा भाग तिथेच अर्धवट शिजायला लागतो.

पाठीवरचा काळा दोरा काढायचाच. तो तिच्या आतड्याचा भाग. खाल्ल्याने सहसा अपाय होत नाही, पण त्यातली बारीक वाळू दाताखाली येते. सालं काढल्यावर अर्ध्या किलोला एक चमचा मीठ आणि पाव चमचा खायचा सोडा चोळून वीस मिनिटं फ्रीजमध्ये ठेवायची युक्ती अमेरिकन स्वयंपाक्यांनी चिनी स्वयंपाकातून उचलली. मिठामुळे मांस स्वतःचं पाणी धरून ठेवतं. सोड्यामुळे ते किंचित अल्कधर्मी होतं आणि शिजल्यावर दाताला कडकडीत, टणटणीत लागतं. सोडा याहून जास्त झाला तर चव बिघडते, तेव्हा हात आखडताच ठेवावा.

आता शिजवणं, म्हणजे जिथे बहुतेकांचा घात होतो ती जागा. कच्च्या कोळंबीच्या अंगात ॲस्टॅझँथिन नावाचं नारिंगी रंगद्रव्य असतं, पण ते एका प्रथिनाला बांधलेलं असल्यामुळे कोळंबी करडी-निळसर दिसते. उष्णता लागली की प्रथिनाची पकड सुटते आणि लाली उमटते. हा बदल लवकर होतो, म्हणून रंगावर विसंबून चालत नाही. मांसातली प्रथिनं एकेक करून गोठतात: मायोसिन ५० अंश सेल्सियसच्या आसपास गोठू लागतं, तोवर कोळंबी घट्ट होते पण रसदार असते. ६५ च्या पुढे ॲक्टिन गोठायला लागलं, की तंतू आवळतात आणि धरून ठेवलेलं पाणी बाहेर पिळलं जातं. कालवणात हे खपून जातं, कारण निघालेला रस रश्शातच राहतो. सँडविचमध्ये तो वाया जातो आणि चिवट दाणा तेवढा मागे उरतो. आतून काचेसारखं दिसणारं मांस पांढरं, अपारदर्शक झालं की थांबावं. इंग्रजी ‘सी’ अक्षरासारखी वळली ती झाली, ‘ओ’सारखी गोल गुंडाळली गेली ती जास्त झाली, ही स्वयंपाक्यांची खूण बऱ्यापैकी भरवशाची आहे.

उकळत्या पाण्यात कोळंबी टाकून गप्पा मारत बसण्याची पद्धत म्हणूनच बाद. मेरीलँडचे लोक खेकड्यांसारखी कोळंबीही वाफवतात. भांड्याच्या तळाशी निम्मं पाणी आणि निम्मं व्हिनेगर, वर जाळीवर मसाला चोळलेली सालासकट कोळंबी. साल असल्यामुळे मांसाला थेट चटका बसत नाही आणि पाण्यात बुडालेली नसल्यामुळे चव पाण्यात उतरत नाही. अशी वाफवायची तर साल-दोरा नंतर काढायचा आणि मीठ-सोड्याची युक्ती सोडून द्यायची. मराठी घरात या कामाला मोदकपात्र अगदी नेमकं आहे, पण चतुर्थीचं भांडं कोळंबीला देण्याचा प्रस्ताव कोणत्याही घरात मंजूर होणार नाही. इडलीपात्रात चाळणी बसवावी. मध्यम कोळंबीला जोरदार वाफेवर चार-पाच मिनिटं पुरतात. वाफवायची सोय नसेल तर दुसरा मार्ग असा: दीड लिटर पाण्यात दोन मोठे चमचे मीठ, अर्धं लिंबू पिळून सालासकट, चार मिरे घालून उकळी आणायची, गॅस बंद करायचा, मग सोललेली कोळंबी सोडून झाकण ठेवायचं. तीन मिनिटांनी एक दाणा कापून बघायचा. पाण्याचा ताप उतरत जातो, त्यामुळे एखादं मिनिट इकडेतिकडे झालं तरी कोळंबी बिघडत नाही.

शिजलेली कोळंबी बर्फाच्या पाण्यात टाकायचा सल्ला सगळीकडे मिळतो. शिजणं थांबवायला तो ठीक, पण मिनिटभरच. तिथेच विसरली तर ती बेचव होते आणि भिजलेली राहते. त्यापेक्षा पसरट ताटात एकेरी थरात पसरून पंख्याखाली वाफ जाऊ द्यावी, मग स्वच्छ सुती पंच्यात गुंडाळून टिपून घ्यावी आणि तासभर फ्रीजमध्ये ठेवावी. ही पायरी वगळायचा मोह सर्वांत जास्त होतो आणि तिच्यावाचून सगळं फिसकटतं. कोमट कोळंबीत मेयोनीज घातलं तर ते पातळ होऊन खाली उतरतं. ओल्या कोळंबीला ते चिकटतच नाही, घसरून वाडग्याच्या तळाशी जमतं.

सेलरी मोठ्या शहरांच्या मंडईत आता मिळते. तिचं काम चवीपेक्षा कुरकुरीतपणाचं. मऊ कोळंबी आणि मऊ पाव यांच्यामध्ये दाताला काहीतरी लागावं म्हणून ती असते. देठाच्या शिरा सोलून अगदी बारीक चिरावी. ती न मिळाल्यास काकडी चालते, आणि काकडीचं पाणी कसं आवरायचं हे मराठी स्वयंपाकघराला शिकवायला नको. खमंग काकडी करणारी बाई काकडी चोचवते, हाताने दाबून पाणी काढते आणि मीठ अगदी पानात वाढायच्या वेळी घालते. कारण मीठ पडलं की पेशींतलं पाणी बाहेर ओढलं जातं आणि कोशिंबिरीचं सार होतं. इथे उलट्या बाजूने तोच नियम वापरायचा. काकडीच्या बिया काढून बारीक तुकडे करायचे, चिमूटभर मीठ लावून दहा मिनिटं चाळणीत ठेवायचे, पिळून घ्यायचे, मगच सारणात टाकायचे. जे पाणी पुढे सुटणार होतं ते आधीच काढून टाकलं. कच्चा कांदा घालायचा तर चिरून थंड पाण्यात बुडवून, निथळून, अगदी थोडा. टोमॅटो मात्र या सँडविचमध्ये नकोच. तो घालणारे पुष्कळ आहेत, पण ज्याच्या पोटात निम्मं पाणी आणि बिया आहेत त्याला या घरात जागा देऊन काय मिळवायचं?

मेयोनीजचा कारभार सगळा अंड्याच्या बलकावर चालतो. तेल आणि पाणी एरवी एकत्र नांदत नाहीत. बलकातल्या लेसिथिनच्या रेणूंचं एक टोक तेलाकडे, दुसरं पाण्याकडे ओढलं जातं. ते तेलाच्या सूक्ष्म थेंबांभोवती वेढा घालतात, थेंब एकमेकांना मिळत नाहीत आणि मिश्रण घट्ट राहतं. अमेरिकेत ‘मेयोनीज’ या नावाने विकायच्या मालात वजनाच्या किमान ६५ टक्के वनस्पती तेल असलंच पाहिजे, असा नियम आहे. तिथल्या दक्षिणेकडच्या राज्यांत ‘ड्यूक्स’चं मेयोनीज लोक जिवाभावाने सांभाळतात. ते सुरू झालं सँडविचांमुळेच. १९१७ मध्ये साउथ कॅरोलिनातल्या ग्रीनव्हिल इथे युजीनिया ड्यूक या गृहिणीने जवळच्या लष्करी तळावरच्या सैनिकांना सँडविच विकायला सुरुवात केली. सँडविचांपेक्षा त्यातल्या मेयोनीजची मागणी वाढत गेली आणि पुढे तोच धंदा झाला. त्यात साखर नसते, हे त्याचे भक्त आवर्जून सांगतात.

हा मुद्दा इथे कामाचा आहे, कारण भारतात मिळणारं बिनअंड्याचं मेयोनीज बहुधा गोडसर असतं आणि त्यात तेल कमी, पाणी आणि घट्ट करणारा स्टार्च जास्त असतो. कोळंबीच्या जात्या गोडीवर ही साखर चढली की सगळं मिळमिळीत होतं. घरी कच्च्या अंड्याचं करावं म्हटलं तर तेही जोखमीचं: साल्मोनेला जंतूच्या भीतीने तेलंगण सरकारने ऑक्टोबर २०२४ मध्ये आणि तामिळनाडूने एप्रिल २०२५ मध्ये कच्च्या अंड्याच्या मेयोनीजवर वर्षभराची बंदी घातली. तेव्हा पाश्चराइज केलेल्या अंड्याच्या मेयोनीजची बाटली शोधून घ्यावी. गोडसरच मिळाली तर मोहरीची तिखट पेस्ट अर्धा चमचा आणि लिंबू थोडं जास्त पिळून गोडी मोडावी. चमचा-दोन चमचे चक्का मिसळला तरी छान लागतं. पण तो नीट टांगलेला, सगळं पाणी गळालेला हवा. साधं दही घातलं तर आतापर्यंतची सगळी मेहनत त्याबरोबर वाहून जाईल.

ओल्ड बेची पूर्ण कृती कंपनी सांगत नाही. डब्यावर सेलरीचं मीठ, तिखट, मिरी आणि पॅप्रिका यांची नावं असतात, बाकी सगळं ‘मसाले’ या एका शब्दात. गंमत म्हणजे सेलरीचं बी भारतात, मुख्यतः पंजाबात अमृतसरच्या आसपास, भरपूर पिकतं आणि बरंचसं परदेशी जातं. ते मिळालं तर मिठाबरोबर कुटून, त्यात काश्मिरी मिरचीचं तिखट, मिरपूड, मोहरीची पूड आणि नखभर सुंठ-लवंग घालून जवळ जाणारी चव साधता येते. ओवा वापरायचा विचारही करू नये. तो एकटाच सगळ्यांवर कुरघोडी करतो. मालवणी मसाला घालून पाहिला तर रंग सुरेख येतो, पण सँडविच दुसऱ्याच गावाला जातं.

चार सँडविचांना अर्धा किलो शिजलेली कोळंबी, चार-पाच मोठे चमचे मेयोनीज, मूठभर सेलरी किंवा पिळलेली काकडी, एक चमचा मसाला, दोन चमचे लिंबाचा रस. आधी मेयोनीज, मसाला आणि लिंबू एकत्र करायचं, चाखायचं, मग कोळंबी. मीठ शेवटी आणि बहुधा लागतच नाही.

ब्रेडच्या बाबतीत स्वीडनकडून शिकण्यासारखं आहे. नामवंत शेफ टोरे व्रेटमन यांनी १९५० च्या दशकात डेन्मार्कच्या टोकावरच्या स्कागेन बंदराच्या नावाने ‘टोस्ट स्कागेन’ लोकप्रिय केला: कोळंबी, मेयोनीज, शेपूसारखं डिल, आणि खाली लोण्यात तळलेली ब्रेडची चकती. लोण्यात सुमारे ८० टक्के स्निग्धांश असतो. तो ब्रेडच्या छिद्रांत बसला की सारणातला ओलावा आत शिरायला वाट राहत नाही. ब्रिटनमध्ये मार्क्स अँड स्पेन्सरने १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला कोळंबी-मेयोनीजचं तयार सँडविच दुकानात ठेवलं आणि ते प्रचंड खपलं. पुढे त्याला खात्यापित्या वर्गाचा शिक्काही बसला. नोव्हेंबर २००० मध्ये मँचेस्टर युनायटेडचा कर्णधार रॉय कीन याने आपल्याच मैदानावरच्या थंड प्रेक्षकांना फटकारलं, तेव्हा त्याने नेमका त्यांच्या हातातल्या कोळंबीच्या सँडविचांचा उल्लेख केला होता. दुकानाच्या थंड कप्प्यात तासन् तास टिकाव्या लागणाऱ्या सँडविचला चरबीचा असा थर कामाला येतोच. घरी सँडविच ब्रेडच्या दोन्ही आतल्या बाजूंना कडेपर्यंत लोणी फासून तव्यावर तीच बाजू भाजावी. लादी पाव घेतला तरी हेच. कडेला कोरडी रेघ राहिली तर पाणी तिथूनच घुसतं.

प्रवासाच्या डब्यात न्यायचं असेल तर सारण आणि ब्रेड वेगवेगळे न्यावेत, आणि सारणाबरोबर बर्फाची पिशवी. बाटलीतलं मेयोनीज आंबट असल्याने जंतूंना फारसं मानवत नाही. नासते ती कोळंबी. अमेरिकन अन्नसुरक्षेचा नियम दोन तासांचा आहे, आणि बाहेरचं तापमान ३२ अंशांच्या वर असेल तर एकाच तासाचा. मे महिन्यातल्या लोकलमध्ये तो तास फार लवकर संपतो. फ्रीजमध्ये झाकून ठेवलेलं सारण दुसऱ्या दिवशी चालतं. तोवर तळाशी थोडं पाणी सुटलेलं असेल, ते निथळून टाकावं, चमचाभर मेयोनीज आणि ताजं लिंबू घालून हलक्या हाताने ढवळावं. तिसऱ्या दिवशी मात्र ते फेकून द्यावं.